पाणी येतं कुठून, जातं कुठे?

टबात वरून नळाचं पाणी पडतंय, खालून ते निघूनही जातंय. दोन्हींचे वेग आलेखावर दिलेत. टबातली पातळी कशी बदलेल ते काढून दाखवायचं. अमेरिकेतल्या एमआयटीत जॉन स्टर्मन आणि लिंडा बूथ स्वीनी यांनी हा प्रश्न पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे ठेवला. त्यांतले अनेक जण अभियांत्रिकी किंवा विज्ञान शिकून आलेले होते. तरीही बऱ्याच जणांचे आलेख चुकले. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला.

पुढे या जोडीने टबाच्या जागी वातावरण ठेवलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड स्थिर करायचा तर उत्सर्जनाचं काय करावं लागेल? उत्सर्जन आहे तिथे थोपवलं की झालं, असं बहुतेकांना वाटलं. पण समुद्र आणि झाडं-माती मिळून माणसाने सोडलेल्या कार्बनचा साधारण निम्माच भाग शोषतात. येणारं जाणाऱ्यापेक्षा जास्त आहे तोवर साठा वाढतच राहणार.

गणित येणाऱ्या मुलांना हे का दिसलं नाही? त्यांना सुटे भाग शिकवले गेले, त्यांची जोडणी कुणी शिकवलीच नाही.

जोडणी शिकवण्याची ही परंपरा एमआयटीतच १९५०च्या दशकात जे फॉरेस्टर या विद्युत अभियंत्याने सुरू केली. साठा, प्रवाह आणि परिणामाने उलटून कारणावर केलेला परिणाम, ही तिची मूळ हत्यारं. शाश्वत विकास शिकवणाऱ्या विद्यापीठांना आज हीच हत्यारं सर्वांत उपयोगी पडतात, कारण पर्यावरणाचे प्रश्न विषयवार येत नाहीत.

आपल्याकडचं ठिबक सिंचन घ्या. पुस्तकात त्याचा हिशेब पिकाच्या मुळाशी संपतो: इतकं पाणी वाचलं, कार्यक्षमता वाढली. शेतावर मात्र वाचलेल्या पाण्यावर अनेकदा आणखी एकरभर बाग उभी राहते आणि विहिरीचा उपसा कमी होत नाही. शेततळ्यांचंही तसंच. वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवण्यासाठी ती होती. पण महाराष्ट्रात अनेक ठिकाणी प्लास्टिक अंथरलेली तळी विहिरी-बोअरच्या पाण्याने भरली जातात. सगळ्या गावाच्या पायाखालचं पाणी वर येऊन एकाच्या मालकीचं होतं, उन्हात त्याची वाफही होते. पंप आणि पाइप आपलं काम चोख करतात. फसतो तो बांधावरच थांबलेला हिशेब.

हा हिशेब बांधापलीकडे नेणारं शिक्षण मुंबईतच मिळतं. आयआयटी मुंबईत १९८५ साली ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचं ‘सितारा’ हे केंद्र सुरू झालं. तिथल्या एम.टेक.च्या विद्यार्थ्यांना खेड्यात मुक्काम करून अभ्यास करावा लागतो. नळयोजना कोरडी का पडली, हे शोधताना पंपाची क्षमता, वीज, पाणीपट्टी, उन्हाळ्यात खाली गेलेलं भूजल आणि ग्रामपंचायतीचा कारभार एकाच कागदावर येतात. राज्य सरकारने २०१६ साली ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ सुरू करून हीच पद्धत इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत नेण्याचा मार्ग खुला केला. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी गावच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धतही आयआयटी मुंबईच्याच गटाने तयार केली: पाऊस किती पडला, किती वाहून गेला, किती मुरला, पिकांनी किती घेतला.

असा ताळेबंद मांडणाऱ्या स्थापत्यच्या विद्यार्थ्याला पिकांच्या नोंदी आणि भूगर्भाची माहितीही वाचावी लागते. त्या कामाचे गुण कोणत्या विषयात धरायचे, हे विद्यापीठांनी आता ठरवायलाच हवं.