फुकटचे फेसबुक आणि बिनपावतीचा माल



ऊस नोंदीच्या वेळी गट कार्यालयात एका सभासदाने आम्हास विचारले, "साहेब, रात्री जेवताना थोरल्या पोराशी ठिबकचं बोललो, अन् दुसऱ्या दिवशी मोबाईलवर ठिबकचीच जाहिरात! हा फोन कान लावून ऐकतोय काय?" भोवती बसलेल्या चार-पाच जणांनी लगेच माना डोलावल्या. कुणाला ट्रॅक्टरची जाहिरात आली होती, कुणाला झटपट कर्जाची. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर या अंकात जरा विस्ताराने देत आहोत.

जाहिरातींसाठी आपण फोनचा मायक्रोफोन वापरत नाही, असे फेसबुकने २०१६ साली जाहीर केले आहे. कंपनीचे म्हणणे घटकाभर बाजूला ठेवू. पण खरी गोष्ट अशी की, तिला कान लावण्याची गरजच पडत नाही. आपण न बोलता जे सांगतो तेच तिला पुरेसे होते.

पैसा येतो कुठून?

फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप या तिन्हींची मालक मेटा ही एकच कंपनी आहे. आपण तिला वर्गणी देत नाही. तरीही २०२३ साली तिचे उत्पन्न सुमारे १३५ अब्ज डॉलर झाले व त्यांपैकी सुमारे १३२ अब्ज डॉलर जाहिरातींचे होते. म्हणजे शंभरातले जवळजवळ ९८ रुपये जाहिरातदार देतो. ज्याच्या हातून पैसा येतो तो गिऱ्हाईक. मग आपण कोण? आपण तिच्या फडातला ऊस, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

माहिती गोळा कशी होते?

पहिला मार्ग सरळ आहे. खाते उघडताना आपणच नाव, वय, गाव लिहून देतो.

दुसरा मार्ग आपल्या वागण्याचा. कोणत्या चित्रफितीवर बोट थांबले, किती वेळ थांबले, काय 'लाइक' केले, कोणत्या गटात सामील झालो, या साऱ्याची नोंद होते. खोडव्याच्या व्यवस्थापनाची चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली की आपण ऊस उत्पादक, हे न सांगता कळते.

तिसरा मार्ग पुष्कळांना ठाऊक नसतो. फेसबुक बंद करून आपण एखाद्या अवजाराच्या दुकानाचे संकेतस्थळ पाहतो. त्या दुकानदाराने तेथे 'पिक्सेल' नावाचा मेटाचा एक छोटा संगणकीय तुकडा बसवलेला असतो. आपण कोणते पान पाहिले, कोणत्या मालावर बोट दाबले, ही खबर तो मेटाकडे पोचवतो. अनेक ॲपमध्येही असेच तुकडे असतात. फेसबुक बंद असले तरी ही नोंद चालूच राहते.

चौथा मार्ग फोन नंबरचा. दुकानात बिल करताना आपण नंबर देतो. दुकानदार आपल्या गिऱ्हाइकांच्या नंबरांची यादी सांकेतिक रूपात मेटाकडे देऊ शकतो. जुळणारी खाती सापडली की त्यांना त्याची जाहिरात दिसते. एवढ्यावर हे थांबत नाही. "या माणसांसारखीच दुसरी माणसे शोधून द्या," असेही त्याला सांगता येते. त्यामुळे ज्या दुकानाची पायरी आपण कधी चढलो नाही, त्याचीही जाहिरात आपल्याकडे येते.

आता ठिबकचे कोडे सुटते. रात्री बोलणे झाल्यावर पोराने आपल्या फोनवर ठिबकचे दर पाहिले असतील. घरातले वायफाय एकच, दोघे एकमेकांचे फेसबुक मित्र. किंवा सभासदाने स्वतःच आठवड्यापूर्वी ठिबकची चित्रफीत पाहिली असेल. शिवाय दिवसभरात ढीगभर जाहिराती डोळ्यांपुढून जातात. नेमकी लागलेली एक तेवढी लक्षात राहते, बाकीच्या आपण विसरतो.

सौदा कसा निघतो?

मेटा आपली माहिती पोत्यात भरून विकते, असा समज आहे. तसे नसते. माहिती ती स्वतःपाशी ठेवते आणि आपल्या डोळ्यांपुढची जागा विकते. जाहिरातदार सांगतो, "मला अमुक जिल्ह्यातले, तीस ते पंचावन्न वयाचे, ट्रॅक्टरमध्ये रस असलेले लोक पाहिजेत." असे अनेक जाहिरातदार एकाच वेळी उभे असतात. आपण फोन उघडला की गुळाच्या सौद्यासारखा सौदा निघतो, मात्र डोळ्याची पापणी लवायच्या आत. फरक इतकाच की, येथे जास्त बोली लावणाराच जिंकतो असे नाही. हा माणूस या जाहिरातीवर बोट दाबण्याचा संभव किती, हेही त्यात मोजले जाते. हा अंदाज जितका अचूक, तितकी कमाई जास्त. माहितीची हाव सुटत नाही ती यामुळे.

धोका कुठे आहे?

कुणी म्हणेल, ठिबकची जाहिरात आली तर बिघडले काय? त्याने काही बिघडत नाही. आपल्या कारखान्याचे शेतकी खातेही प्लॉटची नोंद ठेवतेच. लागणीची तारीख, उसाची जात, क्षेत्र हे सारे आपण सही करून देतो, कारण त्यावरून तोडणीचा कार्यक्रम ठरतो. एका कामासाठी दिलेली माहिती आपल्याला न विचारता दुसऱ्याच कामासाठी वापरली गेली, म्हणजे प्रश्न उभा राहतो.

असे घडल्याचे मोठे उदाहरण केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीचे. स्वभाव-चाचणीचे एक ॲप फेसबुकवर होते. ते घेणाऱ्यांचीच नव्हे, तर त्यांच्या मित्रांचीही माहिती त्यातून गेली आणि ती राजकीय प्रचार करणाऱ्या या कंपनीच्या हाती पडली. २०१८ साली हे उघड झाले. फेसबुकच्या हिशेबाने जगभरात ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती यात गेली असावी. भारतात ते ॲप घेणारे फक्त ३३५ होते, पण माहिती गेलेले सुमारे ५ लाख ६२ हजार. एकाने दार उघडे ठेवले की सारी आळी उघडी पडते ती अशी. पुढे २०१९ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फेसबुकला ५ अब्ज डॉलरचा दंड केला.

व्हॉट्सॲपबद्दलही विचारणा होते. माणसामाणसांतील संदेशांचा मजकूर २०१६ पासून सांकेतिक रूपात जातो व तो कंपनीला वाचता येत नाही. दुकानांशी वा कंपन्यांशी होणाऱ्या व्यापारी संभाषणाचे नियम मात्र वेगळे आहेत. आपली इतर माहिती मेटाच्या बाकीच्या कंपन्यांना देण्याची अट व्हॉट्सॲपने २०२१ साली घातली. त्यावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपये दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये दिला. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. माहिती कशासाठी हवी ते सांगून संमती घ्यावी आणि दिलेली संमती परतही घेता यावी, हे त्याचे सूत्र आहे. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले आहे.

सभासदांनी काय करावे?

१. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणत्या ॲपला ठिकाण, संपर्क यादी व मायक्रोफोनची परवानगी दिली आहे ते पाहावे. ज्याला गरज नाही त्याची काढून घ्यावी. विजेरीच्या ॲपला आपली संपर्क यादी कशाला हवी?

२. अँड्रॉइड फोनमध्ये जाहिरातींसाठीचा ओळख क्रमांक पुसता येतो. आयफोनमध्ये २०२१ पासून ॲप माग काढण्याची परवानगी विचारते, तेथे नकार द्यावा. फेसबुकच्या सेटिंगमध्ये बाहेरून आलेली आपली नोंद पाहता येते व आपल्या खात्यापासून तोडताही येते. हे काम घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी दहा मिनिटांत करून द्यावे.

३. कर्जाच्या जाहिरातीवर बोट दाबण्यापूर्वी सोसायटीत वा बँकेत येऊन विचारावे. कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधील संपर्क यादी, फोटो वा कॉलची नोंद घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच बजावले आहे. जे ॲप ही परवानगी मागते, त्याच्या वाटेस जाऊ नये.

४. 'एकरी शंभर टन हमखास' असली औषधे-खते जाहिरात पाहून मागवू नयेत. जाहिरात आपल्याला नेमकी आली म्हणजे माल नामी, असे नव्हे. आपण ऊसवाले आहोत हे तिला कळले, इतकाच त्याचा अर्थ. आधी शेतकी खात्यातील कर्मचाऱ्यांस दाखवावे.

आपला ऊस काट्यावर चढला की पावती घेतल्याशिवाय आपण गाडी हलू देत नाही. वजनात थोडा फरक वाटला तरी फेरवजन मागतो. या मोबाईलच्या काट्यावर मात्र रोज आपला माल जातो, वजन दुसराच करतो आणि पावती मिळत नाही. निदान काय जाते आहे, एवढे तरी आपण पाहावे. यातले काही जमत नसेल तर आठवडी बाजारच्या दिवशी गट कार्यालयात फोन घेऊन यावे, तेथील मुले दाखवून देतील.

कळावे.