किती रुग्ण झाले म्हणजे साथ?

गावात किती माणसं आजारी पडली म्हणजे साथ आली म्हणायचं? पन्नास? पाचशे? गंमत अशी की कधी लाखांनीही साथ होत नाही आणि कधी एकच रुग्ण पुरतो!

क्षयरोगच घ्या ना. भारतात दरवर्षी वीस लाखांहून अधिक लोकांना तो होतो, तरी ‘क्षयाची साथ आली’ असं कुणी म्हणत नाही, कारण तो इथे कायमच ठाण मांडून बसलाय. आता पोलिओ पाहा. नैसर्गिक विषाणूमुळे झालेला आपल्याकडचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. उद्या एखाद्या वाडीत असा एक रुग्ण निघाला, तरी सगळी आरोग्य यंत्रणा खडबडून जागी होईल!

म्हणजे साथ ठरते ती ‘नेहमीपेक्षा जास्त’ यावर. त्या जागी, त्या काळात जेवढे रुग्ण अपेक्षित, त्याहून ठळकपणे अधिक झाले की साथ. ती खंड ओलांडून जगभर पसरली की जागतिक महामारी. या नावात रोगाचा पसारा दिसतो, जहालपणा नव्हे. २००९ चा स्वाइन फ्लू बहुतेकांना सौम्यच झाला, तरी ती जागतिक महामारीच होती.

त्याहून मोठं नवल म्हणजे साथ ओसरते कशी? सगळे आजारी पडून झाल्यावर? मुळीच नाही! १९२७ साली कर्मॅक आणि मॅककेंड्रिक या दोघा संशोधकांनी याचं गणित मांडलं. ते पडताळायला आकडे घेतले कुठले, तर आपल्या मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगबळींचे! त्यांचं गणित माणसाकडून माणसाला लागणाऱ्या रोगाचं, प्लेग मात्र पसरतो उंदरांवरच्या पिसवांमुळे, त्यामुळे हिशेब ढोबळच होता. तरीही आठवड्यागणिक चढत-उतरत गेलेल्या आकड्यांशी त्यांची रेघ सुरेख जुळली. आणि यातले कर्मॅक १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात पूर्ण आंधळे झाले होते!

गणिताचं मर्म साधं आहे. एकाने दोघांना रोग दिला, त्या दोघांनी चौघांना, तर दहाव्या फेरीला १,०२४ नवे रुग्ण. पण गावात फुटलेल्या बातमीचं काय होतं? काही वेळाने ज्याला सांगायला जावं तो म्हणतो, ‘माहीत आहे रे!’ रोगाचंही तसंच. बरी होऊन प्रतिकारशक्ती मिळालेली माणसं वाढली की त्याला नवं गिऱ्हाईक मिळेनासं होतं. एका रुग्णाकडून सरासरी एकाहूनही कमी जणांना लागण होऊ लागली की साथ उतरणीला लागते, मग कितीतरी लोक अजून धडधाकट का असेनात.

लस हेच साधते, तेही आजार न भोगता! गोवराची लस आपल्याकडे बाळाला नऊ महिने झाल्यावर देतात. तोवर त्याचं रक्षण कोण करतं? आसपासची लस घेतलेली मुलं. शंभरातल्या ९५ जणांना लशीची पूर्ण मात्रा मिळाली, की गोवराला पसरायला वाटच उरत नाही. आपल्या लेकराला टोचलेली लस शेजारच्या तान्ह्यालाही सांभाळते, ती अशी!