घरांतील उष्णतेचा पंप व तो बसवितांना घ्यावयाची खबरदारी

उन्हाळ्यांत माठांतील पाणी गार कां होतें, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. माठाच्या अंगास पाझरलेल्या पाण्याची वाफ होते. वाफ होण्यास उष्णता लागते, आणि ती बहुतांशीं माठांतील पाण्यांतूनच घेतली जाते. हीच गोष्ट उलट बाजूनेंही खरी आहे. वाफेचें पुनः पाणी झालें म्हणजे घेतलेली उष्णता ती परत टाकते. उकळत्या पाण्यापेक्षां वाफेनें हात अधिक पोळतो, त्याचें कारण हेंच. या दोन साध्या गोष्टींवर एक यंत्र उभारलेलें आहे. इंग्रजींत त्यास हीट पंप म्हणतात. आम्ही या लेखांत त्यास उष्णतेचा पंप म्हणूं.

उष्णता आपण होऊन उष्ण पदार्थाकडून थंड पदार्थाकडे जाते, जसें पाणी उंचावरून सखल जागेकडे जातें. विहिरींतील पाणी वर आणावयाचें तर मोट पाहिजे, व मोट ओढावयास बैल पाहिजेत. बैल कांहीं पाणी निर्माण करीत नाहींत. असलेलें पाणी ते वर आणतात इतकेंच. उष्णतेच्या पंपांत विजेकडे हें बैलांचें काम असतें. तांब्याच्या नळ्यांतून एक द्रव फिरत असतो, त्यास शीतक म्हणावें. हल्लीं पुष्कळ यंत्रांत असणारा आर-३२ नांवाचा शीतक हवेच्या साधारण दाबाखालीं शून्याच्या खालीं सुमारें ५२ अंश सेल्सियस तपमानालाच उकळतो. त्यामुळें बाहेरची हवा आपणांस गारठलेली वाटली तरी त्याच्या दृष्टीनें ती ऊनच. तिच्यांतील उष्णता घेऊन त्याची वाफ होते. ही वाफ कॉम्प्रेसर दाबतो, म्हणजे ती तापते. मग घरांत येऊन ती उष्णता टाकते व पुनः द्रव होते. आणि एका बारीक वाटेंतून दाब उतरून तो द्रव पहिल्या जागीं परततो. विजेचें एक माप खर्चिलें असतां उष्णतेचीं तीन-चार मापें घरांत येतात, याचें गौडबंगाल एवढेंच. दोन-तीन मापें बाहेरून उचलून आणलेलीं असतात.

ही कल्पना आजची नव्हे. विल्यम टॉमसन, जे पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धीस आले, त्यांनीं इ. स. १८५२ मध्यें ती मांडली. झूरिक शहराच्या नगरभवनांत १९३८ सालीं लिमात नदीच्या पाण्यांतून उष्णता घेऊन दालनें ऊबदार ठेवणारा पंप बसविण्यांत आला. आज नॉर्वे, स्वीडन, फिनलंड या कडाक्याच्या थंडीच्या देशांत हीं यंत्रें घरोघर दिसतात. आमच्याकडे घर ऊबदार करण्याची गरज थोडी. तथापि भिंतीवरचा ‘एसी’ म्हणजे हाच पंप, केवळ उलट दिशेनें चालविलेला. घरांतील उष्णता काढून तो रस्त्यावर टाकतो. हॉटेलें, रुग्णालयें व वसतिगृहें यांत आंघोळीचें पाणी तापविण्यास उष्णतेचे पंप बसूं लागले आहेत, आणि कांहीं घरांतही ते आले आहेत. जुन्या तांब्याच्या बंबास लांकडें लागत व धूर सोसावा लागे. कोंदट न्हाणीघरांतल्या गॅसच्या गीझरनें विषारी वायु कोंडून माणसें दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यांत वाचावयास मिळतात. उष्णतेच्या पंपांत कांहीं जळतच नाहीं, तेव्हां हें भय मुळींच उरत नाहीं.

मग भय कशाचें? आमच्या मतें या यंत्रासंबंधीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, तें कारखान्यांतून निघतें तेव्हां पुरें झालेलें नसतें. शिवणयंत्र किंवा पंखा घरीं आणून लावला कीं चालतो. या यंत्राचीं दोन अंगें मात्र वेगवेगळ्या खोक्यांतून येतात, आणि त्यांस जोडणाऱ्या नळ्या, तारा व सांधे आपल्या भिंतीवर, दोन-चार तासांत, एखाद-दुसऱ्या कारागिराच्या हातून तयार होतात. यंत्राचें आयुष्य व घरच्या माणसांची सुरक्षितता त्या दोन-चार तासांवर पुष्कळ अंशीं अवलंबून असते. आणि नेमके तेच तास लोक घाईंत काढतात. यंत्र केव्हां एकदां गार वारा देतें, याकडे घरांतील सर्वांचे डोळे लागलेले असतात!

शीतकाची हकीकत येथें सांगितल्यावांचून पुढील खबरदारीचा अर्थ ध्यानांत यावयाचा नाहीं. शंभर वर्षांपूर्वीं घरगुती शीतपेट्यांत अमोनिया, सल्फर डायॉक्साइड, मेथिल क्लोराइड असे विषारी वायु असत, व ते गळून माणसें मरत. अशा अपघातांमुळेंच आइनस्टाइन व झिलार्ड या शास्त्रज्ञांनीं हलणारे भाग नसलेली शीतपेटी योजिली व १९३० सालीं अमेरिकेंत तिचें पेटंट मिळविलें. त्याच वर्षीं टॉमस मिजली या अमेरिकन रसायनज्ञानें फ्रेऑन नांवाचा नवा वायु विद्वानांच्या सभेंत स्वतः छातींत भरून घेतला व त्यानें मेणबत्ती विझवून दाखविली. विषारी नव्हे आणि ज्वालाग्राहीही नव्हे, हें त्याला एकाच श्वासांत सिद्ध करावयाचें होतें. सर्व जगानें तो वायु उचलला. पुढें १९७४ मध्यें मोलिना व रोलंड यांनीं दाखविलें कीं, असले वायु उंच जाऊन ओझोनच्या आवरणाचा नाश करितात. म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराप्रमाणें ते हळूहळू बंद करण्यांत आले. त्यांच्या जागीं जे वायु आले त्यांनीं ओझोन वांचला, पण पृथ्वी तापविण्यांत ते कार्बन डायॉक्साइडच्या शेंकडों, किंबहुना हजारों पट जबर निघाले. त्यांसही आवर घालण्याचें १९१६ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०१६ सालीं, किगाली येथें ठरलें. आतां ज्या वायूंकडे जग वळत आहे ते पृथ्वीस कमी अपायकारक आहेत खरे, परंतु पेट घेणारे आहेत. आर-३२ मंदपणें पेटतो. आर-२९० तर प्रोपेनच, म्हणजे स्वैंपाकाच्या गॅसचा एक घटक. यंत्रांत तो थोडाच असतो व नळ्यांत कोंडलेला असतो, म्हणून भिण्याचें कारण नाहीं. मात्र पूर्वीं वायु गळाला तर केवळ पैसे जात. आतां गळती हा निष्काळजीपणानें सोडून देण्याचा विषय राहिलेला नाहीं.

हे दोन्ही वायु हवेपेक्षां जड आहेत, गळाले तर जमिनीलगत सांचतात. म्हणून अगदीं लहान खोलींत मोठें यंत्र लावूं नये. किती वायूस किती मोठी खोली पाहिजे, हें यंत्राच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. प्रोपेनचें बाहेरचें अंग तळघराच्या झरोक्याशीं किंवा गटाराच्या तोंडाशीं ठेवूं नये. काम चालू असतां त्या खोलींत देवापुढची समई, उदबत्ती किंवा विडी पेटविलेली नसावी, व खिडक्या उघड्या असाव्या.

बाहेरच्या अंगाचें वजन पुष्कळदां ३० ते ४० किलोग्रॅम असतें, व तें रात्रंदिवस थरथरत असतें. पोकळ विटांच्या भिंतींत ठोकलेले आंखूड बोल्ट त्यास फार दिवस धरून ठेवणार नाहींत. कोंकणपट्टींतल्या खाऱ्या हवेनें साधें लोखंड लवकर गंजतें. तेथें जस्ताचा चांगला मुलामा दिलेल्या किंवा न गंजणाऱ्या पोलादाच्या घोड्या लावाव्या व दरवर्षीं पावसाळ्यानंतर त्या तपासाव्या. उंच इमारतींत खिडकीच्या छज्ज्यावर कसलाही पट्टा न बांधतां उभा राहून काम करणारा तरुण कारागीर आपण सर्वांनीं पाहिलेला आहे. तो पडला तर त्याच्या घरचा आधार जातो. पट्टा व दोर असल्यावांचून त्यास बाहेर उतरूं न देणें हें घरमालकाच्या हातचें आहे. गच्चीच्या कठड्याला लागून हें यंत्र ठेवूं नये, अशीही आमची पालकांस विनंति आहे. लहान मुलांस ती चढावयास आयती पायरीच होते.

विजेविषयीं थोडेंच सांगावयाचें, कारण तें सर्वांस ठाऊक असून कोणी पाळीत नाहीं. या यंत्रास स्वतंत्र तार, स्वतंत्र स्विच व खरोखरीचें अर्थिंग पाहिजे. तीन टांचांचा प्लग असला म्हणजे अर्थिंग असतेंच असें नव्हे. तारेची जाडी पुस्तिकेंत सांगितल्याहून कमी असूं नये, व लांबविण्याची जोडतार कदापि वापरूं नये. ३० मिलिअँपिअरवर वीज तोडणारा गळतीरक्षक स्विच बसविल्यास जीव वांचतो. ढिला राहिलेला स्क्रू तापतो, आणि पुष्कळ आगींचें मूळ तेथेंच असतें. हल्लींच्या ‘इन्व्हर्टर’ यंत्रांत आणखी एक छुपा धोका आहे. वीज बंद केली तरी त्यांतील कपॅसिटरांत कांहीं मिनिटें शेंकडों व्होल्टांचा दाब शिल्लक राहतो. म्हणून झांकण काढणाऱ्यानें आधीं थांबावें, मग मोजून पाहावें, व त्यानंतरच हात घालावा.

आतां नळ्यांकडे वळूं, कारण येथेंच कारागिराची खरी परीक्षा होते. ऐन उन्हाळ्यांत आर-३२ चा दाब हवेच्या साधारण दाबाच्या सुमारें ३० पट चढतो. नळीचें तोंड नीट फुलविलेलें नसलें, किंवा नट अजमासानें आवळला, तर सांधा आज ना उद्यां गळणारच. यासाठीं किती बळ लावलें हें दाखविणारा पाना मिळतो, तोच वापरावा. नळ्या जोडून झाल्यावर त्यांत नायट्रोजन वायु भरून दाब कांहीं वेळ टिकतो कीं नाहीं तें पाहावें, व सांध्यांस साबणाचा फेस लावावा. बुडबुडा आला कीं चोर सांपडला. या कामीं ऑक्सिजन कधींही भरूं नये. दाबाखालचा ऑक्सिजन व कॉम्प्रेसरचें तेल यांची गांठ पडली कीं स्फोट होतो.

नंतर निर्वात-पंप लावून नळ्यांतील हवा व ओल काढून टाकावयाची असते. हें काम कंटाळवाणें आहे. पंप एका सुरांत घुरघुरत असतो व बाहेरून पाहणाऱ्यास कांहींच होतांना दिसत नाहीं; म्हणून कित्येक कारागीर थोडा शीतकच सोडून त्याच्या जोरानें हवा हुसकून लावतात व दहा मिनिटांत मोकळे होतात. या युक्तीनें ओल आंत राहते, ती तेलाशीं मिसळून कॉम्प्रेसर कुरतडते, आणि पेटणारा वायु विनाकारण घरांत पसरतो. कारागिरानें निर्वात-पंप बरोबर आणला आहे काय, हें विद्यार्थ्यांनींही दारांतच विचारावें! पंप थांबविल्यावर मापकाचा कांटा जागचा हलतां कामा नये. हळूहळू चढला तर कोठेंतरी गळती किंवा ओल आहे असें समजावें.

जुन्या आर-२२ च्या यंत्रांत ‘तेंही चालतें’ असें सांगून प्रोपेनसारखा वायु भरून देणारे लोक भेटतात. तें यंत्र चालतें, गारही करतें. पण त्याचे स्विच व तारा पेटणाऱ्या वायूसाठीं योजिलेल्या नसतात, आणि पुढच्या खेपेस येणाऱ्या कारागिरास आंत काय आहे याची वार्ताही नसते.

पाणी तापविणाऱ्या पंपास टाकी असते, तिचे दोन प्रश्न निराळे. पाणी तापलें कीं फुगतें. म्हणून टाकीची सुरक्षा-झडप गळते अशी तक्रार करून तिचें तोंड बंद करणें म्हणजे टाकीचा बाँब करणें होय. दुसरें, कोमट पाणी सांठवून ठेवलें तर त्यांत लीजनेला नांवाचे जंतु वाढतात. १९७६ सालीं फिलाडेल्फियाच्या एका मोठ्या मेळाव्यांत ज्या रोगानें माणसें मेलीं, त्याचे जनक हेच. यास्तव टाकींतील पाणी ६० अंशांपर्यंत तापवावें, आणि नळाशीं थंड पाणी मिसळणारी झडप बसवावी. नाहींतर इतकें कढत पाणी लहान मुलाच्या अंगावर कांहीं क्षणांतच भाजून काढतें.

थंड देशांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. बाहेरच्या अंगावर हिंव जमतें, तें यंत्र मधून मधून वितळवितें, व खालीं पडलेलें पाणी पुनः गोठून पायवाट निसरडी होते. म्हणून तिकडे यंत्र बर्फाच्या थराहून उंच अशा चौकटीवर, वाटेपासून दूर ठेवितात. आमच्याकडे हिंवाचा प्रश्न नाहीं. परंतु घरांतील अंगांतून ठिबकणाऱ्या पाण्याची नळी उताराची असावी, व तें पाणी विजेच्या तारांवर किंवा शेजाऱ्याच्या सज्जांत जाऊं नये.

घर बदलतांना यंत्र काढावयाची वेळ येते. तेव्हां शीतक बाहेरच्या अंगांत ओढून घेऊन झडपा बंद करितात. कॉम्प्रेसर चालू असतां कोणी नळी आधींच सोडविली, तर आंत हवा ओढली जाते, तेलाच्या वाफेसह ती दाबली जाते, आणि डिझेल एंजिनांत होतो तसा स्फोट होऊन कॉम्प्रेसर फुटतो. जपानांत अशा अपघातांबद्दल इशारे देण्यांत आलेले आहेत. कॉम्प्रेसर प्रथम थांबवावा आणि मगच नळीस पाना लावावा. जुनें यंत्र भंगारवाल्याकडे जावयाचें असेल तर आंतील शीतक आधीं सिलिंडरांत काढून घ्यावयास सांगावें. नुसती नळी कापली तर आर-२२ चा प्रत्येक किलोग्रॅम सुमारें १८०० किलोग्रॅम कार्बन डायॉक्साइडइतकें काम वातावरणांत करितो.