खिशातल्या दुर्बिणीची चार दशके

१९८०च्या सुमारास महाराष्ट्रात पक्षिनिरीक्षणाचा छंद लागलेल्या मध्यमवर्गीय गृहस्थाला सलीम अलींचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ हे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९४१ साली प्रथम प्रसिद्ध केलेले पुस्तक, विकत नाही तरी एखाद्या ग्रंथालयातून, खचित मिळू शके. परंतु त्यातील चित्रे ज्या साधनाच्या साहाय्याने प्रत्यक्ष पक्ष्याशी ताडून पाहावयाची, ती बऱ्यापैकी दुर्बीण मिळवणे मात्र त्याच्या दृष्टीने जवळजवळ अशक्य कोटीतील गोष्ट होती. परदेशी उपभोग्य वस्तूंच्या आयातीवर परवान्यांचा व जबर जकातीचा अंमल होता, आणि देशात तयार होणाऱ्या दुर्बिणींवर पहिला हक्क लष्कराचा होता. उरलेले मार्ग दोनच: आखातात नोकरीस गेलेल्या आप्ताकडे शब्द टाकणे, किंवा मुंबईच्या मुसाफिरखान्यासारख्या बाजारात जाऊन, पावती अगर हमी यांपैकी कशाचीही अपेक्षा न ठेवता, समोर येईल ते नमुने पारखणे. कर्नाळ्याच्या अभयारण्यात निघालेल्या संपूर्ण तुकडीत मिळून एकच दुर्बीण असे, आणि हळद्या पानाआड जाण्यापूर्वी ती किती हातांतून फिरते यावर त्या सकाळचे सार्थक अवलंबून असे. १९९१च्या आर्थिक धोरणाने हे बंध सैल होऊ लागले आणि १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरील संख्यात्मक निर्बंधांची अखेरची यादी रद्द झाली. त्यानंतरच खिशात मावणारी, अल्प मोलाची दुर्बीण आपल्याकडील विद्यार्थ्याच्या व शिक्षकाच्या हाती खऱ्या अर्थाने येऊ लागली.

त्या वेळपर्यंत या लहान दुर्बिणीचे स्वरूप जगात पुष्कळच पालटले होते. १८५४ साली इग्नाझिओ पोरो या इटालियन अभियंत्याने प्रतिमा सुलटी करणारी लोलकांची जी योजना सिद्ध केली, तिचा आधार घेऊन १८९४ पासून झाइस कंपनीने विक्रीस आणलेल्या दुर्बिणींत वस्तुभिंगे ही नेत्रिकांपेक्षा अधिक अंतरावर असत. रुंद खांद्यांची ती परिचित आकृती त्यातूनच आली. लहान दुर्बिणीसाठी पुढे जी युक्ती योजली गेली ती अत्यंत साधी होती: लोलकांची तीच जोडी उलट मांडून वस्तुभिंगे आतील बाजूस, एकमेकांच्या निकट, आणावयाची. या उलट्या पोरो रचनेत खोलीची जाणीव किंचित उणावते, हे खरे. परंतु दोन्ही नळ्यांच्या दृष्टिरेषांतील अंतर घटल्यामुळे जवळचा पक्षी पाहताना दोन प्रतिमांचा मेळ सहज बसतो, एकच बिजागरी असल्याने डोळ्यांमधील अंतराशी दुर्बीण क्षणात जुळवता येते आणि बोटांना भक्कम पकड मिळते. याहून महत्त्वाची बाब अशी की पोरोच्या लोलकांत योग्य काच वापरली म्हणजे प्रकाशाचे संपूर्ण आंतरिक परावर्तन होते. आरशाच्या लेपाची अथवा अन्य कोणत्याही खर्चिक संस्काराची तेथे आवश्यकताच उरत नाही. निर्मात्याने हात आखडता घेतला तरी ज्या रचनेत त्याचे दुष्परिणाम सर्वांत कमी दिसतात, अशी ही रचना आहे, आणि चार दशकांत हाताखालून गेलेल्या स्वस्त दुर्बिणींची मनाशी रुजुवात घालताना माझा कौल याच प्रकाराकडे झुकतो.

याउलट, सरळ नळीची, दोन बिजागऱ्यांवर दुमडून मुठीत मावणारी जी ८×२१ मापाची दुर्बीण दुकानाच्या काचेआड अधिक देखणी दिसते, तिच्यात छपराच्या आकाराचा लोलक, म्हणजे रूफ प्रिझम, असतो. त्या छपराचा कोन काही कोनसेकंदांइतक्या सूक्ष्म अचूकतेने घासावा लागतो. अशा बहुतेक दुर्बिणींत लोलकाच्या एका पृष्ठावर संपूर्ण परावर्तन होत नसल्यामुळे तेथे अॅल्युमिनियमचा किंवा चांदीचा लेप द्यावा लागतो, व अॅल्युमिनियमच्या लेपात प्रकाशाचा सुमारे दहावा हिस्सा खर्ची पडतो. शिवाय छपराच्या दोन उतारांवरून परतणाऱ्या प्रकाशतरंगांच्या कलांत तफावत पडून प्रतिमेचा रेखीवपणा मंदावतो. या दोषावरील उपाय, कला दुरुस्त करणारा लेप, झाइसने १९८८ साली प्रथम प्रचारात आणला. पुढे तो मध्यम किमतीच्या मोठ्या दुर्बिणींपर्यंत उतरला. परंतु अगदी स्वस्त व अगदी लहान दुर्बिणींत आजही त्याची हमी नसते. पर्णवटवट्यांसारख्या पक्ष्यांत, जेथे भुवईची फिकट रेघ आणि पंखावरील अस्पष्ट पट्टी यांवरच जातीचा निर्णय ठरतो, तेथे हा मंदावलेला रेखीवपणा निर्णायक ठरतो. दुमडणाऱ्या दुर्बिणीच्या बाजूने एवढे मात्र प्रांजळपणे नमूद केले पाहिजे की दोनशे ग्रॅमच्या आसपास वजनाची ही वस्तू सदऱ्याच्या खिशात सदैव जवळ राहते, आणि कचेरीच्या वाटेवर अवचित दिसलेला ससाणा घरी ठेवलेल्या उत्तम दुर्बिणीतून पाहता येत नाही.

मापांच्या बाबतीत गिऱ्हाइकाचा ओढा प्रथमपासून मोठ्या आकड्याकडे राहिला, व विक्रेत्यांनी त्यास खतपाणी घातले. वस्तुभिंगाच्या व्यासाला वर्धनशक्तीने भागले असता नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास मिळतो. ८×२५ मध्ये तो ३.१ मिलिमीटर, ८×२१ मध्ये २.६, तर १०×२५ मध्ये अवघा २.५ भरतो. भर दिवसा डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असल्याने भिगवणच्या उघड्या पाणथळीवर दुपारी या तिन्हींत फारसा भेद जाणवत नाही. परंतु भीमाशंकरच्या गर्द झाडीत, पहाटे अगर पावसाळी अंधारात, बाहुली विस्फारते आणि १०×२५ ची प्रतिमा करडी होऊन जाते. त्यात दहापट वर्धनाबरोबर हाताचा कंपही दहापट होतो, दृष्टिक्षेत्र आक्रसते, आणि फांदीवरून फांदीवर उडणारा शिंजीर त्या अरुंद वर्तुळात सापडेपर्यंत निघून जातो. आठपट वर्धनाची लहान दुर्बीण पक्ष्यांसाठी, दहापटीची नव्हे, हे मत मी आजवर बदललेले नाही. वर्धन कमी-अधिक करता येणाऱ्या ‘झूम’ दुर्बिणी, नारिंगी-लाल लेपाच्या चमकदार भिंगांमुळे सारे दृश्य हिरवट दाखवणाऱ्या दुर्बिणी, आणि नाभीयन करण्याची सोयच नसलेल्या दुर्बिणी, या तिन्ही प्रकारांनी नव्वदीच्या दशकात बाजार भरून गेला होता. नवशिक्यांचा बराच पैसा त्यांत वाया गेला, यापलीकडे त्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

उत्पादनाचे केंद्रही या काळात सरकले. पूर्वी जपानी दुर्बिणीवर तपासणी संस्थेचा सोनेरी लंबगोल ‘पास्ड’ शिक्का असे, आणि किमान गुणवत्तेचा दाखला म्हणून तो पाहण्याची खरेदीदाराला सवय होती. १९८५च्या प्लाझा करारानंतर येनचे मोल झपाट्याने चढले, जपानी कारखानदारांना स्वस्त माल घरी बनवणे परवडेनासे झाले, आणि ते काम क्रमाक्रमाने चीनकडे गेले. तेथील कुनमिंग शहर आज या धंद्याचे एक मोठे ठाणे आहे. किमती उतरल्या, हा लाभ निर्विवाद होय. मात्र एकाच नावाच्या व एकाच किमतीच्या दोन दुर्बिणींत तफावत असण्याचा संभव वाढला.

लहान दुर्बिणींच्या या इतिहासात केवळ बचतीतून न जन्मलेली, स्वतंत्र बुद्धीची अशी एक कृती मला दिसते: या शतकाच्या पहिल्या दशकात आलेली पेंटॅक्सची पॅपिलिओ. उलट्या पोरोचाच तिचा साचा. परंतु नाभीयन जवळ आणताना तिची वस्तुभिंगेही एकमेकांकडे सरकतात, त्यामुळे अवघ्या अर्ध्या मीटरवरील वस्तू दोन्ही डोळ्यांना एकरूप दिसते. ६.५×२१ व ८.५×२१ ही तिची दोन मापे. पहिल्याचे दृष्टिक्षेत्र साडेसात अंश, दुसऱ्याचे सहा. कासच्या पठारावर गुडघे टेकून दवबिंदू या इवल्या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानावरील चिकट थेंब पाहावेत आणि मान वर करून त्याच साधनाने आकाशातील चंडोल शोधावा, ही सोय तिने दिली. शिवडीच्या खाडीत दूर चिखलावर चरणाऱ्या तुतवारांसाठी ती अपुरी पडते. पण त्या अंतरावर कोणतीही खिशातली दुर्बीण अपुरीच.

तिची एक मर्यादा मात्र आपल्या मुलखाच्या हवामानाला धरून सांगितली पाहिजे: ती जलरोधक नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर व कोकणात चार महिने जी ओल हवेत भरून राहते, तीत उघड्या सांध्यांच्या स्वस्त दुर्बिणींच्या भिंगांमध्ये बुरशीचे तंतू पसरतात, आणि एकदा ते लेपात रुजले की भिंग पूर्ववत होत नाही. नायट्रोजन भरून बंद केलेल्या लहान दुर्बिणी आता सर्वसामान्यांच्या आवाक्याच्या जवळ आल्या आहेत. आंबोलीत किंवा रत्नागिरीत राहणाऱ्याने त्यांसाठी थोडा अधिक खर्च सोसावा, इतरांनी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून भागवावे. चष्मा वापरणाऱ्यांची कैफियतही अशीच दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. नेत्रिकेपासून डोळा सुमारे पंधरा मिलिमीटर दूर ठेवून पूर्ण दृश्य दिसले पाहिजे, तेथे जुन्या लहान दुर्बिणी दहा-अकराच देत. अलीकडच्या काही नमुन्यांत ही उणीव भरून निघाली आहे.

दोन्ही नळ्यांच्या समांतरतेचा प्रश्न मात्र चाळीस वर्षांपूर्वी होता तसाच आहे. स्वस्त दुर्बीण एकदा हातून पडली, किंवा कारखान्यातच किंचित वाकडी जुळवली गेली, म्हणजे मेंदू दोन प्रतिमा ओढून एकत्र आणतो, पाहणाऱ्याला दोष कळत नाही, आणि तासाभरात कपाळ ठणकू लागते. ती दुरुस्त करणारे कारागीर मुंबई-पुण्यातही विरळ झाले आहेत, आणि दुरुस्तीचा खर्च नव्या दुर्बिणीच्या किमतीला जाऊन भिडतो. यासाठी खरेदीच्या वेळीच दूरच्या इमारतीच्या गच्चीची आडवी कड पाहावी, दुर्बीण डोळ्यांपासून सावकाश चार-सहा इंच मागे न्यावी, व दोन वर्तुळांतील ती कड एका रेषेत राहते की खाली-वर होते ते तपासावे. खाली-वर झाली तर नाव कितीही प्रतिष्ठित असो, तो नग परत करून दुसरा मागावा.