भिजवलेलं चालतं, शिजवलेलं नाही

पुरण आदल्या रात्री शिजवून ठेवावं की सकाळी ताजंच घालावं, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. सासूबाई म्हणतात, नैवेद्याचं अन्न त्याच दिवशी, अंघोळ करून, सोवळ्यातच शिजलं पाहिजे. थोरल्या जाऊबाई म्हणतात, चाळीस-पन्नास पानं वाढायची तर एका सकाळीत एवढ्या डाळीचं पुरण उरकत नाही. दोघीही पट्टीच्या सुगरणी, त्यामुळे कुणाचंच म्हणणं टाकून देता येत नाही.

सासर परभणीकडचं. मराठवाड्यात आणि विदर्भात ज्येष्ठा गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. पहिल्या दिवशी त्यांना भाजी-भाकरी पुरते. दुसऱ्या दिवसाच्या पानात मात्र पुरणपोळी, कटाची आमटी, सोळा भाज्या, आंबील, कढी, पंचामृत, वडे, भजी, खीर, कोशिंबीर, चटण्या असं सगळं हवं. दुपार कलेपर्यंत हे सगळं तयार पाहिजे आणि शेगड्या असतात मोजक्या. म्हणून खरा प्रश्न हा, की यातलं आदल्या रात्री काय होऊ शकतं?

सासूबाईंचा नियम सुटसुटीत आहे. भिजवलेलं चालतं, शिजवलेलं नाही. तळलेलं त्याहून आधी चालतं, म्हणून महालक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगायचा फुलोरा चार-पाच दिवस आधीच होतो. करंज्या, साटोऱ्या, पापड्या. पीठ दुधात भिजवायचं आणि तळण पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याला झाकण लावायचं नाही. कोमट करंजी डब्यात गेली की वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी चामट होते. बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताळून ठरवलेलं स्वयंपाकाचं शहाणपणच या सोवळ्याच्या नियमात उतरलं आहे, अशी माझी खात्री आहे. भाद्रपदाच्या दमट हवेत पाण्यात शिजलेलं अन्न रात्रभर बाहेर टिकत नाही. ओलं खोबरं घातलेलं तर मुळीच नाही.

त्यामुळे आदल्या रात्री स्वयंपाकघरात चूल पेटत नाही, पण चुलीपर्यंतचं एकूणएक काम होतं. डाळ निवडायची, गूळ बारीक चिरायचा, सुकं खोबरं किसायचं, तीळ निवडून ठेवायचे, जायफळ आणि किसणी एकाच वाटीत ठेवायची. सकाळी शोधाशोध करायला कुणाला उसंत नसते. वड्यांच्या डाळी भिजत पडतात. ज्वारीचं पीठ आंबट ताकात कालवून झाकून ठेवतात. आंबील सकाळी उकळत्या पाण्यात घालून, सारखी हलवत शिजवायची असली, तरी तिची खरी चव त्या रात्रीच तयार होते.

जास्तीत जास्त डोकं लागतं ते भाज्यांना. गवार, घेवडा, दोडका, पडवळ, लाल भोपळा रात्री चिरून, कापडात गुंडाळून ठेवले तर बिघडत नाहीत. वांगं आणि बटाटा चिरून ठेवले तर काळे पडतात, त्यांना सकाळीच हात लावायचा. पालेभाजी निवडायची पण धुवायची नाही. भेंडीचं नेमकं उलटं. ती रात्रीच धुवायची, पुसायची, धोतराच्या जुन्या कापडावर सुटी पसरायची आणि सकाळी चिरायची. जराही ओल राहिली तर चिरताना तार सुटते, मग कितीही परतली तरी ती चिकट होते. रात्री अकराला सासूबाई स्वतः येऊन एकेक भेंडी फिरवून पाहतात, देठाशी पाणी अडकलंय का ते. हे काम त्या कुणावर सोपवत नाहीत आणि सोपवू नये असंच मला वाटतं.

पंचामृत हा शिजवायचा पदार्थ, म्हणून ते सकाळचं. पण मिरच्या, तीळ, दाण्याचं कूट, खोबऱ्याचे काप, चिंच आणि गूळ एकमेकांत मुरायला वेळ लागतो. म्हणून सकाळी शेगडीवर पहिला मान पंचामृताचा. कोशिंबिरीचा शेवटचा, कारण काकडीला मीठ लागलं की पाणी सुटतं. चोचवलेली काकडी सुद्धा पाट मांडल्यावरच कालवतात.

राहता राहिलं पुरण. जाऊबाईंनी होळीला ते रात्री घालून पाहिलं आहे आणि त्यांची पद्धत पक्की आहे. डाळ बोटाने चेपेपर्यंत शिजवायची, कट पूर्ण निथळायचा, गूळ घालून, पातेल्यात उलथणं उभं राहीपर्यंत आटवायचं आणि गरम असतानाच यंत्रातून काढायचं. गार झालं की ते घट्ट होतं, मग यंत्र फिरवताना हात भरून येतात. त्यानंतर ताटात पसरून, उघडंच गार करायचं आणि मग फ्रिजमध्ये. घाईने झाकण ठेवलं तर वाफेचं पाणी पुरणात पडतं, ते सैल होतं आणि पोळी लाटताना फुटते. गार पुरणाचे उंडे नीट वळतात, हे सासूबाईही मान्य करतात. रात्रीचा कट फ्रिजमध्ये ठेवून सकाळी खळखळून उकळला तर आमटीला चवही अधिक येते.

शेवटी दोन पुरणं करायचं ठरलं. नैवेद्याच्या पोळ्या आणि आरतीचे पुरणाचे दिवे यांच्यापुरतं पुरण सासूबाई पहाटे सोवळ्यात घालतात. पंगतीचं मोठं पातेलं जाऊबाई आदल्या रात्री मागच्या अंगणातल्या शेगडीवर चढवतात, म्हणजे स्वयंपाकघरातलं सोवळं मोडत नाही. आता दोघींची भांडी वेगळी, यंत्रंही वेगळी.

कणकेला मात्र दोन्हींकडचा नियम लागू पडत नाही. सासूबाईंच्या हिशेबाने ती रात्री भिजवायला हरकत नाही, जाऊबाईंच्या हिशेबाने फ्रिजमध्ये राहायलाही. पण रात्रभर राहिलेली कणीक काळपट पडते आणि पोळीला तो रंग येतो. म्हणून ती पहाटेच भिजवायची. सैलसर, चिमूटभर मीठ घालून, तेल लावून तिंबत राहायचं, बोटाने ओढली तर न तुटता लांबेल इतकी. मग लाटायच्या आधी दोन तास झाकून ठेवायची. हे काम माझ्याकडे आहे.