सिनेमा पडला म्हणता, पण कशामुळे?

शुक्रवारी सिनेमा लागतो, शनिवारी पेपरात तारे छापून येतात. पाचपैकी दीड, पाचपैकी दोन. खाली चार ओळी असतात : कथा विस्कळीत, उत्तरार्ध लांबलेला, नायक-नायिकेचे सूर जुळत नाहीत, गाणी बरी. वाचक तारे मोजतो आणि तिकिटाचे पैसे वाचवतो. समीक्षकाचे काम झाले असे सगळ्यांना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. सिनेमा वाईट आहे एवढे सांगून समीक्षा पुरी होत नाही. तो वाईट का झाला, त्यातून काय काढून टाकले म्हणून तो पोकळ झाला, हे सांगावे लागते. आणि नेमके तिथेच आमच्या प्रस्थापित समीक्षकांची लेखणी अडखळते.

उदाहरण घरचेच घेऊ. २९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. मराठी सिनेमाने कधी न पाहिलेला शंभर कोटींचा आकडा त्याने ओलांडला. पाटलाची आर्ची आणि मासेमारी करणाऱ्या घरातला परश्या. त्यांच्या प्रेमाआड काय उभे आहे हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. आर्चीचा भाऊ भर वर्गात प्राध्यापकाच्या थोबाडीत मारतो, त्या एका दृश्यात गावाची सगळी सत्ता दिसते. शेवटी रक्ताने माखलेल्या पावलांनी चालणारे लेकरू पाहून थिएटरात कोणाला टाळी वाजवता आली नाही.

दोन वर्षांनी, २० जुलै २०१८ ला, याच कथेचा हिंदी अवतार ‘धडक’ आला. करमाळ्याचे उदयपूर झाले. परश्याचा मधुकर झाला, तोही हॉटेलवाल्याचा मुलगा. आर्ची राजघराण्यातली पार्थवी झाली. ‘झिंगाट’ हिंदीत वाजले. आणि जात? ती एखाद्या वाक्यापुरती उरली. समीक्षकांनी सिनेमा झोडपला. काहींनी स्पष्ट लिहिले की ‘सैराट’चा प्राण जातीच्या वास्तवात होता आणि तोच इथे काढून घेतला आहे. त्यांना आम्ही मोकळ्या मनाने शाबासकी देतो. पण बाकीच्यांचे काय? त्यांची तक्रार नायिकेच्या बोलीबद्दल, कपड्यांच्या चकचकीतपणाबद्दल आणि सुधारलेल्या घरांतल्या दिव्यांबद्दल. सिनेमा फसला हे त्यांनाही कळले. कशाने फसला हे मात्र त्यांच्या गणितात आले नाही.

कारण त्यांच्या लेखी जात म्हणजे कथेला दिलेला एक रंग. नको असेल तर दुसरा द्यावा. आमचे म्हणणे असे की इथे जात हा रंग नाही, ती भिंतच आहे. ती काढली की छप्पर खाली येणारच. मुलीच्या बापाने जावयाला का मारावे? ‘सैराट’मध्ये हा प्रश्न पडत नाही, ‘धडक’मध्ये पडतो. तिथे खून हा एका रागीट बापाचा अहंकार ठरतो. व्यवस्था निर्दोष सुटते.

आणि ही सुटका पडद्यापुरती नसते. २८ एप्रिल २०१४ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे नितीन आगे या सतरा वर्षांच्या मुलाला मारून झाडाला लटकवले. संशय एवढाच, की तो वरच्या जातीतल्या मुलीशी बोलला. साक्षीदार फितूर झाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. त्यानंतर आठच महिन्यांनी ‘धडक’ आला. कोर्टात पुराव्यातून जी जात निसटली, ती पडद्यावरून पटकथेतच निसटली. दोन्हीकडे आमचा पोरगा मेला आणि कारण सापडले नाही. असे असताना ‘सूर जुळले नाहीत’ एवढेच लिहिणाऱ्या समीक्षकाला आम्ही काय म्हणावे?

आता पुण्याच्या शेजारी येऊ. पाषाण ओलांडून सूसच्या दिशेला निघा. बंगळूर महामार्गाच्या कडेला टेकड्या फोडून उभे राहिलेले टॉवर दिसतील. सूस हे मुळशी तालुक्यातले गाव ३० जून २०२१ ला आणखी बावीस गावांसह पुणे महापालिकेत आले. त्याच्या खूप आधी शहर गावात शिरले होते. याच तालुक्याच्या जमिनीची गोष्ट प्रवीण तरडे यांनी २०१८ च्या नोव्हेंबरात ‘मुळशी पॅटर्न’मध्ये सांगितली. जमीन विकली, पैसा उडाला, पोरगा टोळीत गेला. २०२१ मध्ये महेश मांजरेकर यांनी त्याचा हिंदीत ‘अंतिम’ केला. सलमान खान शीख पोलीस अधिकारी होऊन आला आणि सिनेमा पोलीस-गुंडाच्या झुंजीकडे झुकला. समीक्षकांनी मारामाऱ्या तोलल्या, सलमानचा प्रवेश तोलला. जमीन कोणी घेतली, किती भावाने घेतली, याचा हिशेब किती जणांनी मागितला?

आमचा प्रश्न त्याहून एक पाऊल पुढचा आहे, आणि तो मूळ मराठी सिनेमालाही आहे. ज्याची जमीन गेली त्याचे दुःख खरेच आहे. ते आम्ही नाकारत नाही. पण ज्याच्या नावावर जमीन नव्हतीच, जो त्याच रानात मजुरी करत होता, त्याचे काय झाले? जमीन विकली गेली तेव्हा त्याच्या हाती एक रुपया आला नाही, आणि रोजगार मात्र गेला. आमच्या ताब्यात जी वतनाची जमीन होती, तिची कथा तर आणखी वेगळी. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध बिल मांडले, कारण ते वतन म्हणजे गुलामीचा पट्टा होता. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली आणि जमिनी नव्या शर्तीवर परत मिळाल्या. सरकारी परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. तरीही त्या हातातून कशा जातात? २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे चाळीस एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला, तेव्हा हा प्रश्न सगळ्या महाराष्ट्राने ऐकला. पुण्याभोवतीच्या जमिनीवर सिनेमा काढणाऱ्याला तो आधी का सुचला नाही, हे विचारणारी एखादी समीक्षा आमच्या तरी वाचनात नाही.

कोणी म्हणेल, सिनेमा करमणुकीसाठी असतो, त्यात जात कशाला आणता? आम्ही आणत नाही. ती तिथे आहेच. तुम्ही ती काढता, आणि काढल्याची खूण राहते, तिलाच तुम्ही ‘फसलेली पटकथा’ म्हणता. जातीवर बोलणाऱ्या सिनेमाची गत काय होते तेही पाहा. २०२५ मध्ये ‘फुले’ चित्रपटातून जातींची नावे आणि पेशवाईचा उल्लेख काढायला सेन्सॉर बोर्डाने सांगितले, प्रदर्शन लांबले. त्याच वर्षी ‘धडक २’ने जात उघडपणे मांडली, तर त्यालाही बोर्डाची कात्री लागली. म्हणजे निर्मात्याने जात गाळली तर ती ‘कलात्मक निवड’, आणि दिग्दर्शकाने दाखवली तर ती गाळायची जबाबदारी सरकारची!

म्हणून आमचे सांगणे समाजातील लिहित्या तरुणांना आहे. समीक्षा दुसऱ्यांवर सोपवू नका. बाबासाहेबांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढला तो याचसाठी, की आपले म्हणणे दुसऱ्याच्या पत्रात छापून येण्याची वाट पाहायची नाही. सिनेमा पाहा आणि तीन प्रश्न विचारा : या कथेतून कोणाला गाळले? गाळल्याने कोणाची अब्रू वाचली? आणि कॅमेरा कोणाच्या दारात उभा आहे? हेच प्रश्न आपल्या माणसांच्या सिनेमालाही विचारा. पडद्यावर निळा झेंडा दिसला म्हणून कच्ची पटकथा पक्की होत नाही, आणि नावडत्या निर्मात्याचा म्हणून चांगला सिनेमा वाईट ठरत नाही. बाबासाहेबांच्या अनुयायाला भक्ती शोभत नाही, चिकित्सा शोभते.

सूसच्या टॉवरांच्या पायाशी विटा वाहणारी, घरे झाडणारी, पहारा देणारी माणसे रोज आहेत. त्यांच्यावरचा सिनेमा अजून यायचा आहे. तो येईल तेव्हा चुकलाच, तर कुठे आणि कोणासाठी चुकला हे नेमके सांगणारी लेखणी आपल्या वस्तीत तयार असली पाहिजे. तारे मोजायला इतर पुष्कळ आहेत.