बोरघाटाची चढण

पळसदरीच्या पायथ्यापासून लोणावळ्याच्या माथ्यापर्यंत बोरघाटातला लोहमार्ग सुमारे २५ किलोमीटर लांबीचा आहे. तेवढ्या अंतरात तो १,८३१ फूट वर चढतो. सर्वांत कडक जागी दर ३७ फुटांमागे एक फूट चढ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एवढ्या चढावर मुख्य मार्गाची गाडी नेणे हे मोठे धाडस होते.

धाडसामागे व्यापार होता. लँकेशायरच्या गिरण्यांना दख्खनचा कापूस हवा होता आणि मुंबई बंदर व देश यांच्यामध्ये सह्याद्री उभा होता. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० मध्येच झाला होता, पण बैलगाडीने माल उतरायला फार वेळ लागे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८५६ मध्ये ती खोपोलीपर्यंत पोहोचली आणि १८५८ मध्ये वर खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र मोकळाच होता. खोपोलीला उतरलेला प्रवासी पालखीत, तट्टावर किंवा गाडीत बसून घाट चढे आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसे.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी घाटाची पाहणी करून मार्ग आखला. शिंगरोबा नावाच्या धनगराने इंग्रजांना घाटातली वाट दाखवली, अशी लोककथा आहे. त्याचे देऊळ जुन्या रस्त्यावर आजही आहे.

जानेवारी १८५६ मध्ये काम सुरू झाले. डोंगर काळ्या पाषाणाचा, कडे उभे. कड्यावर पाय ठेवायला जागा नसे तिथे माणसे वरून दोराने खाली सोडत. दोराला लोंबकळत ती पहारीने छिद्र पाडत, त्यात दारू ठासत आणि सुरुंग लावत. बोगद्यांवर डोंगराची जाडी इतकी की वरून विहिरी खणून अनेक ठिकाणी काम काढता येत नसे; दोन्ही तोंडांकडूनच पुढे सरकावे लागे. पावसाळ्यात काम जवळजवळ थांबे, उन्हाळ्यात पाणी मिळत नसे. वडार आणि गावोगावचे शेतमजूर बायकामुलांसह घाटात राहत. १८६१ च्या सुरुवातीला एका दिवसाच्या हजेरीत ४२ हजार माणसे होती. पटकी आणि तापाने त्यांतली हजारो दगावली. अभियंत्यांची नावे ग्रंथांत आहेत. या माणसांची कुठेच नाहीत, आणि घाटाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

पहिले कंत्राटदार विल्यम फेविएल यांच्या काळात, जानेवारी १८५९ मध्ये, थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा उद्रेक झाला. पुढे फेविएल यांनी काम सोडले. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आले आणि काही आठवड्यांतच वारले. तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट स्वतःकडे घेतले आणि अभियंते नेमून ते तडीस नेले. त्या काळात एका विधवेने एवढे काम अंगावर घेणे ही साधी गोष्ट नव्हती.

२१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी मार्गाचे उद्घाटन केले. ते पाहायला बर्कले उरले नव्हते; १८६२ मध्येच त्यांचे निधन झाले होते. मार्गावर २५ बोगदे होते. खंडाळ्याच्या अलीकडे गाडीला वळायला जागाच नव्हती, म्हणून तिथे रिव्हर्सिंग स्टेशन केले. गाडी डोंगराच्या सोंडेवर येऊन थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढे. चढासाठी वजनदार इंजिने खास बनवून घेतली होती. एवढी काळजी घेऊनही जुलै १८६७ मध्ये घाटातला एक मोठा कमानी पूल कोसळला आणि तो पुन्हा बांधावा लागला.

मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या थळ घाटातला मार्ग १८६५ मध्ये खुला झाला. तिथेही चढ ३७ फुटांत एक फूट, पण लांबी कमी आणि बोगदे १३. बोरघाटाची वाट पुढे सोलापूरमार्गे दक्षिणेला गेली. बालाघाटाकडच्या मालाची मोठी पेठ असलेली बार्शी १८९७ मध्ये अरुंद रुळांच्या बार्शी लाइट रेल्वेने कुर्डुवाडीशी, म्हणजे याच मार्गाशी जोडली गेली.  

१९२९ च्या सुमारास घाटात विजेची इंजिने आली, नवा बोगदा काढून मार्ग बदलला आणि रिव्हर्सिंग स्टेशन बंद झाले. चढ मात्र तोच राहिला. म्हणून वर जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिने जोडतात. उतरणीवर ठरावीक जागी गाडी थांबवून ब्रेक तपासतात. तिथे रूळ आधीच कॅच सायडिंगकडे वळवून ठेवलेले असतात. ब्रेक न लागलेली गाडी त्या चढत्या फाट्यावर जाऊन थांबते, आणि ब्रेक नीट असलेल्या गाडीलाच खालचा मार्ग मिळतो.